कोष्टकातले रिकामे घर

पृथ्वीच्या पाठीवर जे जे काही दिसते ते एक तर कोष्टक असते किंवा आकृती असते, तिसरी जात परमेश्वराने निर्माण केलेलीच नाही, असे मानणारा एकच मनुष्य माझ्या पाहण्यात आला, आणि दैवयोगाने ते माझे साडू होते. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे, शांताचे, ते यजमान. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवीत. विद्यार्थी त्यांना सर म्हणत हे ठीकच, पण गल्लीतले दुकानदार, नातेवाईक आणि प्रत्यक्ष शांतासुद्धा त्यांना सरच म्हणे. "सर, आंघोळीचं पाणी काढलंय," ही हाक त्यांच्या घरी इतकी रुळलेली होती की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नसे. मी वयाने वडील, तरी मीही सर म्हणत आलो. ते मला अण्णा म्हणत. माझा जन्म पाठशाळेत शब्दरूपे आणि न्यायशास्त्राचे पहिले पाठ शिकवण्यात गेला. प्रबंध, कोष्टके, आकृत्या यांच्याशी माझा संबंध आला तो केवळ या नात्यामुळे.

त्या काळी, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे, सोलापुरात कोणीही प्रबंध लिहिला तरी तो सात रस्त्याजवळच्या एखाद्या टंकलेखन संस्थेत टंकित होई, आणि तिथून तो सरांच्या ओट्यावर येई. टंकलेखक आकडे एकाखाली एक बसवून देत, परंतु कोष्टकाच्या रेघा काळ्या शाईने हातानेच ओढाव्या लागत, आणि आकृत्या पारदर्शक कागदावर काढून त्यांच्या प्रती कराव्या लागत. हे काम सरांकडे कोणी सोपवलेले नव्हते. त्याचा मोबदला नव्हता, मान तर नव्हताच. तरीही रविवारी सकाळी पूजा आटोपून कपाळाची विभूती ओली असतानाच ते ओट्यावर बसत, आणि कोणाचा ना कोणाचा प्रबंध मांडीवर घेत. त्यांचा पहिला नियम असा, की कोष्टकाचे नाव वर लिहावे आणि आकृतीचे नाव खाली. "कोष्टक वाचायचं असतं, अण्णा. काय वाचतोय ते आधी ठाऊक हवं. आकृती माणूस आधी बघतो, मग विचारतो, हे काय? म्हणून उत्तर खाली." नियम कागदापुरता राहिला असता तर प्रश्न नव्हता. परंतु एकदा आम्ही दोघे एका देवळासमोर उभे असता ते कमानीकडे पाहून अस्वस्थ झाले. कमानीवर देवाचे नाव ठळक कोरलेले होते. "मूर्ती तर आकृती झाली. मग नाव वर कसं?" मी हात जोडलेले तसेच ठेवून म्हणालो, "सर, आत जाईपर्यंत देऊळ हे कोष्टकच. आत गेल्यावर आकृती." त्यांनी थोडा विचार केला, समाधानाने मान हलवली, आणि मगच चपला काढल्या.

दुसरा नियम उभ्या रेघांचा. कोष्टकात आडव्या रेघा असाव्यात, वर एक, शीर्षकांखाली एक आणि शेवटी एक. उभी रेघ मात्र त्यांना सोसत नसे. एका विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने प्रत्येक रकान्याला उभ्या रेघा ओढून आणल्या तेव्हा ते हळहळून म्हणाले, "अहो ताई, हे काय तुरुंगाचे गज घातलेत? आकडे काय पळून जाणार आहेत?" त्या बिचारीने सगळी पाने पुन्हा टंकून घेतली. त्याच आवेशाने ते एकदा माझ्या पंचांगावर घसरले. एवढे प्राचीन, एवढे शिस्तीचे कोष्टक, आणि त्यात उभ्या रेघांचे हे जंगल! मी त्यांना शांतपणे सांगितले, "आकडे पळत नसतील, सर. तिथी पळते. क्षयतिथी म्हणजे काय? सूर्योदयाला सापडतच नाही ती. म्हणून पंचांगाला गज लागतात." ते मोठ्याने हसले, आणि त्यानंतर पंचांगापुरती ही सवलत त्यांनी आजन्म पाळली.

एकदा बोलता बोलता रात्र झाली आणि ते आमच्याकडेच मुक्कामाला राहिले, तेव्हा माझ्या पत्नीने त्यांना नवी चादर काढून दिली. आमच्या गावात चादरीला तोटा नाही. अक्कलकोट रस्त्याच्या मागांवर विणलेली, मोरांची नक्षी असलेली ती चादर पाहून दुसरा कोणी खूश झाला असता. सरांनी ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि पुन्हा अंथरली. मोरांची डोकी त्यांच्या पायांकडे येत होती. प्रबंधात आकृती आडवी लावायची झाली तर तिचे डोके बांधणीच्या शिवणीकडे असावे लागते, हा त्यांचा तिसरा नियम. आता चादरीची शिवण कोणती, यावर ते बराच वेळ उभे राहिले. अखेर माझी पत्नी म्हणाली, "सर, शिवण शोधता शोधता उजाडेल. मोरांना झोप आली असेल, तुम्हीही झोपा." तेव्हा कुठे ते आडवे झाले.

आणखी एक नियम होता, आणि तो मला सर्वांत सुसंस्कृत वाटे. मजकुरात आधी उल्लेख आल्याशिवाय कोष्टक किंवा आकृती पुढे येता कामा नये. "आधी निरोप, मग पाहुणा," असे ते म्हणत, आणि त्याप्रमाणे वागत. आमचे घर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नसले तरी चालत येण्यासारखे होते. पण पोस्टकार्ड पाठवल्याशिवाय ते कधी आले नाहीत. पुष्कळदा पोस्टकार्ड आणि ते एकाच दिवशी येत, आणि पोस्टमनला मागे टाकून आपण आधी पोहोचलो तर ते ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहत. जेवतानाही शांताने न सांगता भात वाढला की हात थांबे. "भाताचा उल्लेख कुठे झाला?" शांता भातवाढी तशीच धरून म्हणे, "भूक लागली म्हणालात ना मघाशी? त्यातच आला तो." एकदा त्यांना जोराचा ताप आला. डॉक्टरांनी तापमापक पाहून "एकशे दोन" म्हटले, तर हे पांघरुणातून क्षीण आवाजात विचारतात, "एकशे दोन काय?" एकक न लिहिलेला आकडा त्यांना आजारपणातही मान्य नव्हता.

हे सारे आम्ही कौतुकाने सांगत असू, आणि ते स्वतःही हसत. परंतु या सगळ्या हसण्याखाली एक गोष्ट होती, जिच्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. ज्यांच्या कोष्टकांच्या रेघा सरांनी ओढल्या ते एकामागून एक पदव्या घेऊन पेढे देऊन गेले. सरांचा स्वतःचा प्रबंध मात्र पुरा होत नव्हता. विषय होता दक्षिण सोलापुरातल्या विहिरींचे पाणी. कित्येक वर्षे सुट्टी मिळाली की ते सायकल काढीत, दर हातावर गाठ मारलेली एक लांब दोरी आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन घेत, आणि वळसंगच्या बाजूच्या विहिरींमध्ये ती सोडून पाण्याची पातळी मोजत. दुष्काळातही त्यांनी हे सोडले नाही. लिहून सारे झाले होते. आकृत्या शाईने पक्क्या झाल्या होत्या. अडले होते ते एका कोष्टकातल्या एका घरावर.

नोंदणीची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. त्यांचे मार्गदर्शक, एक वृद्ध आणि सहनशील गृहस्थ, त्या वर्षी स्वतः घरी आले आणि म्हणाले, "या दिवाळीपर्यंत द्या. पुढे मला काही करता येणार नाही. नोंदणी रद्द होईल, आणि ही सगळी वर्षं पाण्यात जातील." ते गेल्यावर शांता माझ्याकडे आली. ती कधी तक्रार करीत नसे. पदर बोटांना गुंडाळीत म्हणाली, "दाजी, लग्न झाल्यापासून मी त्या विहिरींतच नांदतेय. एक घर राहिलंय म्हणतात. एका घरासाठी सगळं सोडणार का हो? तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात."

मी गेलो तेव्हा ते कोष्टक त्यांच्यापुढे पसरलेले होते. आकड्यांच्या स्वच्छ रांगा, एकही उभी रेघ नाही, आणि दुष्काळातल्या ज्येष्ठ महिन्याच्या रकान्यात एका विहिरीसमोर कोरी जागा. कोरी जागा म्हणजे त्यांच्या लेखी पाप. तिथे शून्य तरी हवे, नाहीतर रेघ. या दोहोंतला भेद आम्ही पूर्वी एकदा बोललो होतो, आणि मला वाटते त्यांच्या नियमांपैकी हा एकच नियम माझ्या शास्त्राने त्यांना दिला. अभावाचे ज्ञान कसे होते, हे मी त्यांना समजावले होते. 'भूतलावर घट नाही' असे म्हणण्याचा अधिकार ज्याने उजेडात, डोळे उघडून त्या जागी पाहिले त्यालाच असतो; घट असता तर त्याला दिसला असता. ज्याने पाहिलेच नाही त्याने मौन पाळावे. सर तेव्हा आनंदाने उठून उभे राहिले होते. "म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, तर शून्य. पाहिलंच नाही, तर रेघ! अण्णा, हे कोणत्याही पुस्तकात इतकं स्पष्ट नाही."

आता तेच स्पष्टीकरण त्यांच्या गळ्याशी आले होते.

"विभागातले म्हणतात, शून्य घाला," ते म्हणाले. "दुष्काळच होता, कोण विचारतंय. पण पाणी होतं, अण्णा. मी पाहिलं. थोडं होतं, पण होतं."

"मग रेघ द्या."

"रेघ म्हणजे मी गेलोच नाही. मी गेलो होतो की."

"मग मोजले का नाही?"

ते लाजल्यासारखे झाले. मग म्हणाले, "दोरी दिली."

ती त्या फेरीतली शेवटची विहीर होती. ते पोहोचले तेव्हा एक म्हातारी आणि शेजारच्या दोघी काठावर उभ्या होत्या. पाणी इतके खाली गेले होते की त्यांचा दोर पुरत नव्हता. घागर वरच्यावर लोंबत होती. सरांनी आपल्या दोरीचे वजन सोडवून काढले आणि ती त्यांच्या दोराला बांधून दिली. घागरी भरू लागल्या, वस्तीवरच्या आणखी बाया आल्या, आणि जे पाणी मोजायचे होते ते त्यांच्या देखत वर निघून गेले. गढूळ तळ दिसू लागल्यावर मोजणे खोटे ठरले असते. ते दोरी तिथेच ठेवून सायकलवर बसून परत आले, आणि पुढच्या फेरीसाठी नवी दोरी केली. एवढेच.

"हे शास्त्राला धरून नाही, अण्णा," ते म्हणाले. "मोजायला गेलेल्यानं मोजायचं असतं. आधी मोजून मग दोरी दिली असती तर किती वेळ लागला असता? मला सुचलंच नाही. मी पाहिलं, होतं, पण किती ते नाही. तुमच्या शास्त्रात याला काय लिहितात?"

मी प्रामाणिकपणे सांगितले, "आमच्या शास्त्रात हा प्रश्न येत नाही. घट आहे, एवढ्याने आमचे भागते."

"माझं भागत नाही ना," ते म्हणाले.

अखेर त्या म्हातारीला काही आठवत असेल या आशेने आम्ही दोघे एस.टी.ने वळसंगला उतरलो आणि शेतातून चालत तिच्या वस्तीवर गेलो. बसवव्वा तिचे नाव. घर कानडी बोलणारे, पण मराठी येणारे. सरांना पाहताच ती दारातूनच ओरडली, "बर्री मास्तर, बर्री! कुंद्री!" आणि घोंगडे अंथरून आम्हाला बसवले. माझ्या कपाळाची विभूती पाहून तिने मला वाकून शरणु म्हणत नमस्कार केला. सरांनी चहासाठीसुद्धा न थांबता विचारले, "बसवव्वा, दुष्काळात मी आलो होतो. त्या दिवशी विहिरीत पाणी कुठवर होतं? कुठल्या दगडापर्यंत?"

"आता काय सांगू मास्तर. पाणी बगायला येळ कुणाला व्हता? आमी घागरीकडं बगत व्हतो. भरून येती का न्हाय, यवढंच."

"साधारण तरी?"

"साधारण म्हंजी लई कमी."

"लई कमी म्हणजे किती?"

"म्हंजी तुमची दोरी जोडली तवा पुरलं, यवढं खाली की!" ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सून बाळंतीण व्हती घरात. तिला पाणी तापवायला सुदिक नव्हतं. तुमी मोजत बसला असता तर आमी काय केलं असतं? ह्ये मास्तर बगा स्वामी," ती माझ्याकडे वळली, "ह्येंच्या हातात कागुद व्हता, कागुद खाली ठिवला आन् दोरी सोडली. त्यो कागुद वाऱ्यानं उडाला, त्योबी म्या धावून धरला."

सर खाली पाहत होते. मी म्हणालो, "सर, आता आकडा मिळणार नाही." त्यांनी मान हलवली. परतताना एस.टी.त मला वाटले, प्रबंध संपला. शांताला काय सांगावे याची जुळवाजुळव मी मनात करू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचे पोस्टकार्ड आले आणि त्यामागोमाग ते आले. त्यांनी पिशवीतून ते कोष्टक काढले. कोऱ्या घरात एक बारीक, सुबक चांदणी काढलेली होती. "आकड्यांच्या घरात तळटिपेला आकडा द्यायचा नसतो, अण्णा," ते म्हणाले. "लोक त्यालाच पाणी समजतील. तिथे चांदणी द्यावी." आणि कोष्टकाच्या खाली, शेवटच्या आडव्या रेघेखाली, लहान अक्षरांत लिहिले होते: 'या विहिरीस पाणी होते. मोजण्याची दोरी पाणी काढण्यास दिल्यामुळे पातळी मोजता आली नाही.'

मी ते दोनदा वाचले. परीक्षक हसतील, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होती. मी म्हणालो, "सर, हे द्या." त्यांनी दिले. दिवाळीच्या आधी दिले.

मौखिक परीक्षा ऐकायला कोणालाही बसता येत असे, म्हणून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेरगावचे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी आकृत्या पाहिल्या, घडीचे नकाशे उघडून पुन्हा मिटून पाहिले, आणि तक्रारीला जागा न मिळाल्याने थोडे नाराजच दिसले. मग ते त्या पानाशी आले. चांदणी पाहिली, खाली पाहिले, वाचले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले.

"दोरी परत मिळाली का?" त्यांनी विचारले.

"नाही सर. नवी केली."

"मागितली नाही?"

"विहिरीला लागत होती, सर."

खोलीत कोणी हसले नाही. परीक्षकांनी पान उलटले आणि जरा वेळाने, आवाज पूर्ववत करून म्हणाले, "बाकी ठीक आहे. पण तुमच्या कोष्टकांना उभ्या रेघा कुठेच नाहीत." सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले, आणि मग त्यांना म्हणाले, "आकडे पळून जात नाहीत, सर. तिथी पळतात." परीक्षकांना काही बोध झाला नसावा, पण त्यांनी सही केली.

पेढे घेऊन सर माझ्याकडे आले तेव्हा अर्थातच पोस्टकार्ड आधी आले होते. ते कार्ड मी देवघरातल्या पोथीत खूण म्हणून ठेवले. पुढे ती खूणच राहिली, कारण दशक सरता सरता सर गेले. छातीत कळ आली आणि दुपारच्या दुपारीच. ते पहिल्यांदाच निरोप न पाठवता कुठे गेले, असे शांता म्हणाली, आणि आम्ही सगळे रडता रडता हसलो. तिने त्यांची तसबीर भिंतीवर लावली आहे. नाव खाली आहे.

मध्यंतरी एका घरच्या पूजेच्या निमित्ताने वळसंगला जाणे झाले. वाट वाकडी करून मी त्या वस्तीवर गेलो. बसवव्वा राहिली नव्हती. तिची सून पाणी शेंदत होती. रहाटाला नवा दोर होता. पण बाजूच्या खांबाला काळपट पडलेल्या दोरीचा एक तुकडा गुंडाळून ठेवलेला दिसला. त्याला हाताहाताच्या अंतरावर गाठी होत्या. मी पाहतो आहे हे पाहून ती म्हणाली, "सासूबाई काढू देत नव्हत्या. मास्तराची हाय म्हनायच्या. न्यायला येतील कवातरी."

मी काठावर हात टेकून वाकून पाहिले. आत पाणी होते. किती, ते मी मोजले नाही.